आपणहून उतरली

विश्रामबागेत दादासो मगदूम वकिलांच्या बंगल्यापुढं मांडव घातला होता. तो बघूनच नाथाजी बर्ग्याचं टाळकं फिरलं.

"लगीन हाय का काय ह्यांच्यात?"

"लंडनचा सायेब येनार हाय न्हवं," बिराप्पा म्हणाला. "त्यासाठनं असंल."

"सायेब गेलं की रं तीन वर्सामागं. परत कशाला बोलीवला?"

बिराप्पा हसला नाही. तो अलीकडं हसतच नसे. "तुमी जावा आत, दाजी. मी हितंच टेकतो," असं म्हणून तो फाटकाजवळच्या लिंबाखाली बसला. नाथाजीनं कोटाला लावलेला संघाचा पितळी बिल्ला सरळ केला आणि आत गेला. आज तो एकाच गोष्टीसाठी आला होता. त्याची बायको कामावर असताना मेली, एवढं कुणीतरी अधिकृतपणे कबूल करावं.

नाथाजी मूळचा कोरेगावचा. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आला, आणि परत आल्यावर शेतात मन रमेना म्हणून सांगलीच्या हळदपेठेत दलाल झाला. हरिपुरात घर केलं. पुढं हळदीबरोबर तो विम्याचीही दलाली करू लागला. कुठल्या व्यापाऱ्याला मालाचा विमा हवा, कुणाला हमालांचा, ते बघायचं, कंपनीशी बोलायचं, घासाघीस करायची. दलाल म्हणजे गिऱ्हाइकाचा माणूस, कंपनीचा नव्हे, हे तो पेठेत ओरडून सांगायचा. लोकांना ते पटायचं, कारण तो कंपनीच्या माणसांशी खरंच भांडायचा.

मग सांगली संस्थान गेलं. दक्षिण सातारा असा नवा जिल्हा झाला, आणि संस्थानात कुणी कधी विचारले नव्हते ते परवाने आले. मगदूम वकिलांनी लगबगीनं विमा दलालांचा संघ काढला. हा संघ मुंबईच्या संघात, मुंबईचा संघ लंडनच्या जागतिक महासंघात. मगदूम पहिल्या सभेत म्हणाले होते, "एकट्या दलालाचं सरकार ऐकत नाही, संघाचं ऐकतं. आणि साऱ्या जगातले दलाल एका तोंडानं बोलले, तर दिल्लीच काय, कुठल्याही सरकारला ऐकावं लागेल." नाथाजीनं तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली होती. बिल्ला घेऊन घरी आला, तेव्हा राहीबाई म्हणाली होती, "कोतवाल झालासा व्हय?"

राहीबाई गेल्या चैत्रात पेवात मेली.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली घागरीसारखं फुगलेलं पोट. त्यात हळद भरून तोंड दगडामातीनं लिंपून टाकायचं, आणि भाव आला की उघडायचं. उघडल्या उघडल्या उतरायचं नसतं. आत कोंडलेली हवा जीव घेते, हे हरिपुरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, कंदील सोडायचा, तो विझला की आणखी थांबायचं.

त्या दिवशी व्यापाऱ्याचा दिवाणजी थांबायला तयार नव्हता. ठेसनात मालगाडीच्या वाघिणी उभ्या होत्या. "उतर रं, काय होतंय," असं म्हणून त्यानं बिराप्पाला खाली घातला. बिराप्पा जतकडचा धनगर, मेंढरं दुष्काळात गेल्यावर पोटासाठी सांगलीला आलेला. राहीबाई वर बायकांना घेऊन हळद निवडत होती. त्या बायकांची ती मुकादमीण होती. बिराप्पा खाली कोसळला. भोवतीचे गडी आडदांड, तोंडातून झटकन शिरेना कुणी. राहीबाईनं कासोटा घातला, तोंडाला ओला पदर बांधला आणि ती उतरली. बिराप्पाच्या काखेत दोर बांधून तिनं हलवला. बिराप्पा वर आला. दोर परत खाली गेला, पण तो धरायला कुणी उरलं नव्हतं.

नाथाजी त्या दिवशी कोरेगावला भावाकडं गेला होता.

त्या पेवावरच्या कामगारांचा अपघाताचा विमा होता. तो नाथाजीनंच करून दिला होता. कंपनीचा माणूस आला, पंचनामा ऐकला, गेला, आणि पुढं कंपनीनं कळवलं की, मयत बाई निवडीच्या कामावर होती. पेवात उतरणं तिचं काम नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती स्वेच्छेने उतरली. सबब हा मृत्यू कामावरचा धरता येत नाही.

पैशाचं नाथाजीला काही वाटलं नाही. ते पैसे घेऊन तो करणार काय? पण 'स्वेच्छेने' हा शब्द कंपनीतून पेठेत आला आणि पेठेतून गावात गेला. गावात तो 'आपणहून' झाला. राहीबाईला मूलबाळ नव्हतं. नदीवर बायका कुजबुजू लागल्या. आपणहून उतरली म्हणं. दोर सोडला हुता की, धरलाच न्हाई तिनं. धरायचाच नसंल. मूल न्हाई, बाळ न्हाई, काय जीव लागणार?

हे शेजारच्या सुलाबाईनं येऊन सांगितलं, तेव्हा नाथाजीनं हातातला तांब्या भिंतीवर मारला.

त्यानं कंपनीला गाठलं. कंपनी म्हणाली, नियम आमचा नाही, सरकारकडं जा. सरकारी कचेरीत साहेब म्हणाले, "कायदा बदलायचं दिल्लीत चाललंच आहे, पण एकेकट्याचं कुठवर ऐकणार? तुमच्या संघामार्फत या." तो मगदुमांकडं आला. मगदुमांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एका माणसाची केस संघाला घेता येत नाही, बर्गे. पण तत्त्वाचा प्रश्न घेता येतो. दुसऱ्याला वाचवायला गेलेला माणूस कामावर धरावा की नाही, हे तत्त्व झालं. महासंघ सगळ्या देशांतून मतं गोळा करतोय. त्यांचं एकच निवेदन सगळ्या सरकारांकडं जाणार आहे. आपण हे त्यात घालू."

"घालू म्हंजे घालनार न्हवं?"

"अहो, घालू म्हणजे घालूच."

त्या एका 'घालूच'वर नाथाजीनं पावसाळा आणि दिवाळी काढली होती. आज निवेदन न्यायला साहेब आला होता.

मांडवात दलाल मंडळी दाटीनं बसली होती. सांगलीचे होते, मिरजेचे होते, साताऱ्याकडून काही आले होते. कृष्णात फाळके त्यातलाच. तो नाथाजीचा पलटणीतला सोबती, कोरेगावच्या बाजाराचा दलाल.

"ये गड्या, जागा धरून ठेवलीया," कृष्णात म्हणाला आणि हळूच पुढं बोलला, "आज जरा गपगुमान बस बरं का. परवान्याच्या शिफारशी मगदुमाच्या हातात हाईत."

"मी काय बोललो का अजून?"

"तुजं नाक बोलतंय की. कसं फुगलंय बघ."

साहेब खुर्चीत बसला होता. हॉलिस त्याचं नाव. उन्हानं नाक भाजलेलं, अंगानं किडकिडीत, बोलायला मऊ. गळ्यातल्या हाराची सुतळी मानेला टोचत होती, ती तो बोटानं सारखी सारत होता. मगदुमांनी स्वागत केलं, चहा फिरला, आणि मग मंडळींना समजावं म्हणून त्यांनी निवेदन मराठीतून वाचलं.

"सरकारांनी विमा दलालांवर नवे कायदे लादू नयेत. दलाल हा जबाबदार व्यावसायिक आहे. गिऱ्हाइकाच्या हिताचे नियम तो स्वेच्छेने पाळत आला आहे व पुढेही स्वेच्छेने पाळील. ग्रामीण भागातून या बाबतीत तक्रारी नाहीत. या निवेदनास दक्षिण महाराष्ट्रातील विमा दलालांचा एकमताने पाठिंबा आहे." मगदुमांनी चष्मा काढला. "मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. नाथाजी वाट बघत बसला. अजून काहीतरी उरलं असेल, दुसरं पान असेल, असं त्याला वाटत होतं. मग मगदूम साहेबाकडं वळून हसले, आणि काही उरलेलं नाही हे त्याला कळलं.

तो उठला. "पेवाचं कुठं हाय?"

"बर्गे, बसा. नंतर बोलू."

"नंतर कवा? सायेब गेल्यावर? पेवाचं कुठं हाय, एवढंच सांगा."

"ते या निवेदनाच्या चौकटीत बसत नव्हतं. लंडनहून आराखडा आला होता, त्याप्रमाणं..."

"लंडनहून आला?" नाथाजीचा आवाज चढला. "म्हंजे आमचं मत तितनंच आलं हुतं, आनि आता आमी हात वर करून तिकडंच धाडायचं? मग आमाला कशाला बोलीवलंसा? मांडव घालून, च्या पाजून?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मगदुमांचा चेहरा ताठ झाला.

"तुमच्या घरी जे झालं त्याचं दुःख सगळ्यांनाच आहे—"

"दुःखाचं कोन बोलतंय? तुमी काय वाचलंसा आत्ता? स्वेच्छेनं. परत वाचा."

"बर्गे!"

"वाचा म्हनतोय न्हवं! माजी बायको एका मानसाला वाचवाया खाली गेली. कंपनी म्हनली, स्वेच्छेनं गेली, सबब तुमचं तुमी बघा. आनि आता आमी दलाल म्हनतोय, आमी स्वेच्छेनं नियम पाळतो, सबब सरकारनं आमच्याकडं बघू नगं. तिच्या स्वेच्छेवर तिला मातीत घातलं, आनि आमच्या स्वेच्छेवर आमाला मोकळं सोडायचं? एकच शबूद, मगदूमसायेब! तिला फास आनि आमाला हार?"

साहेबाचं बोट सुतळीवरच थांबलं. काय चाललंय, असं त्यानं मगदुमांना विचारलं. मगदूम इंग्रजीत हसून चार शब्द बोलले. नाथाजीला सगळं कळलं नाही, पण त्यातलं 'वाइफ' कळलं आणि 'अपसेट' कळलं. बसऱ्यात एवढं इंग्रजी त्याच्या कानावरून गेलं होतं.

"नो सर," तो साहेबाकडं बघत म्हणाला. "नॉट अपसेट. ऑल नॉट. ही सेज ऑल. ऑल नॉट. आय नॉट." एकमत नाही, मी त्यात नाही, एवढं त्याला सांगायचं होतं.

साहेब उभा राहिला. तो उद्धट नव्हता. तो सावकाश बोलला आणि मगदुमांना भाषांतर करावं लागलं. महासंघ व्यक्तींचं मत घेत नाही, संघटनांचं घेतो. आपल्याला काही म्हणायचं असेल तर आपल्या संघाला सांगावं, संघ आम्हाला सांगेल.

नाथाजी हसला. ते हसणं ऐकून कृष्णातनं त्याचा कोट धरला.

"कंपनी म्हनती सरकारकडं जा. सरकार म्हनतंय संघाकडं जा. संघ म्हनतोय म्हासंघाकडं पाठवतो. आनि म्हासंघ म्हनतोय संघाला सांग. सोड रं कोट, कृष्णात! भवरा केलाय माजा. जगातल्या समद्या दलालांचं एक तोंड केलंसा न्हवं? आरं, तोंड केलंसा, पन कान कुनाला ठेवलासा?"

आता मागं कुणी हसलं नाही.

मगदूम खाली आले, नाथाजीच्या जवळ उभे राहिले आणि आवाज उतरवून बोलले, "हे बघा बर्गे. संघात राहायचं तर संघाच्या रीतीनं राहावं लागेल. पटत नसेल तर राजीनामा द्या. कुणी जबरदस्ती केलेली नाही."

"देतो की. हा घ्या!" नाथाजीनं बिल्ला उपटला. कोटाचं कापड टर्रकन फाटलं. तो बिल्ला टेबलावर आदळणार, तेवढ्यात त्याची नजर संघाच्या चिटणिसावर गेली. चिटणिसानं टाक दौतीत बुडवून तयारच ठेवला होता आणि हजेरीतल्या बर्गे नावावर तो टेकवला होता. नाव खोडलं की बाकीच्यांचं एकमत. मगदुमांच्या तोंडावर राग नव्हता. नुसती घाई होती.

नाथाजीनं हात आवरला. बिल्ला परत कोटाला लावू लागला. फाटल्या जागी तो बसेना, तेव्हा त्यानं दुसऱ्या बाजूला टोचला. टाचणी बोटात गेली, तरी त्यानं तो लावलाच.

"न्हाई देत," तो म्हणाला. "मी सभासद हाय. वर्गणी भरलीया. माजा हात खाली हाय. लिवा."

"सभेचा वेळ—"

"लिवा! एकमतानं न्हाई. खोटं लिवून पाठवलं तर मी तुमच्यावर फिर्याद करीन. हरल्यालं चालंल मला. हरायची सवं झालीया."

साहेबानं काय ते विचारून घेतलं आणि मगदुमांच्या हातातला कागद मागितला. एक शब्द बदलावा लागेल, असं तो म्हणाला, कारण सभेत उघड विरोध झालाय हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. परत हात मोजले गेले. कृष्णातचा हात या वेळी डोकं खाजवत होता. तो वर धरायचा की खाली, हे चिटणिसाला ठरवता येईना. शेवटी त्यानं वरच धरला, आणि कृष्णात काही बोलला नाही.

'एकमताने'च्या जागी 'बहुमताने' झालं.

"आनि कारन?" नाथाजीनं विचारलं. "का न्हाई म्हनलो त्ये?"

"कारण लिहायची पद्धत नाही," मगदूम म्हणाले. "झालं ना आता समाधान?"

नाथाजी बाहेर पडला. मागं फोटो काढायला मंडळी रांगेत उभी राहत होती. कृष्णात दोन पावलं त्याच्यामागं आला. "नाथाजी, आरं चार पोरी हाईत मला," असं काहीतरी म्हणाला आणि परत रांगेत गेला.

बिराप्पा लिंबाखालून उठला. दोघं हरिपूरच्या वाटेला लागले. नाथाजी सगळ्या वाटेनं भांडत होता. मगदुमांशी, साहेबाशी, कृष्णातशी, दिवाणजीशी. बिराप्पा नुसता व्हय व्हय करत होता. सांगलीचा गावभाग मागं पडला, हरिपूरच्या रस्त्याची झाडी लागली, तेव्हा नाथाजी एकदम थांबला आणि त्यानं हातातली काठी रस्त्यावर आपटली.

"ह्या समद्यांचं मरू दे रं! पन तिनं तरी का उतरावं? कुनी सांगिटलं हुतं तिला? मानसं नव्हती तितं? माज्याकडं बघून तरी... आपनहून! त्यो भाड्या कंपनीवाला बी हेच म्हनतोय आनि मी बी हेच म्हनतोय! रोज रातच्याला हेच इचारतो मी तिला, बिराप्पा. का उतरलीस?"

बिराप्पा खाली बघत उभा राहिला.

"आपनहून न्हाई उतरली आक्का," तो म्हणाला.

"काय?"

"मी हाक मारली हुती."

नाथाजी त्याच्या जवळ आला.

"डोकं गरगराय लागलं तवा मी हाक मारली. आक्का, मला वर घे, म्हनलो. समदी हुती वर, पन माज्या तोंडात आक्काच आलं. तवा ती आली. मी अर्दामुर्दा सुदीत हुतो. मला बांदलं आनि वर बगून वरडली, दोर लगीच सोडा रं, म्हनली. माज्या कानानं ऐकलं मी. लगीच सोडा. पन वर माजी गाठ सुटंना त्यास्नी. दिवाणजी म्हनत हुता, कापू नगासा, नवा दोर हाय."

"आरं, मग हे पंचनाम्याला का न्हाई सांगिटलंस?"

"दिवाणजी बाजूलाच हुता. काय आठवतं का रं, म्हनला. मी म्हनलो, न्हाई." बिराप्पाचा आवाज फुटला. "आनि तुमाला कुठल्या तोंडानं सांगू, दाजी? मी हाक मारली नसती तर आक्का जित्ती असती. तुमी मला दारात उभं क्येलं नसतं."

नाथाजीनं हात उगारला. बिराप्पा हलला नाही, मारून घ्यायला उभाच राहिला. तो हात तसाच खाली आला आणि त्यानं बिराप्पाचं मनगट धरलं, घट्ट, दुखेल असं.

"लगीच सोडा म्हनली?"

"व्हय."

"आईशप्पत?"

"आक्काची शप्पत."

नाथाजीनं तोंड फिरवलं. मग त्यानं काठी उचलली आणि विश्रामबागेच्या दिशेनं पाऊल टाकलं. मनगट त्यानं सोडलं नव्हतं.

"चल."

"आवं, पन सभा उठली असंल. सायेब मिरजेच्या गाडीला गेला असंल."

"मग मिरजेला जाऊ."

"त्यो म्हनंल, संघाला सांगा."

"म्हनू दे. संघ म्हनंल म्हासंघाला सांगा, त्ये बी म्हनू दे." नाथाजी ओढत, चालत, बोलत होता. "फलाटावर धरीन मी त्याला. तू फकस्त बोलायचंस, बिराप्पा. मला सांगिटलंस तसंच. वरडून सांगायचंस. लाजायचं न्हाई, रडायचं न्हाई."

"आनि दिवाणजी?"

"त्याच्याकडं रातच्याला जाऊ," नाथाजी म्हणाला. "आदी ठेसन."